देवापुढचे गाऱ्हाणे : ख्रिस्ती प्रार्थनेतील शोक आणि संशय

दुःख आणि संशय देवापुढे जसेच्या तसे मांडणे हा ख्रिस्ती प्रार्थनेचा जुना आणि मान्य प्रकार आहे. स्तुती, उपकारस्मरण, पापकबुली आणि मागणी यांच्या पंक्तीत बायबलने त्याला बसवले आहे. रविवारच्या उपासनेत मात्र त्याच्या वाट्याला आज क्वचितच जागा येते. या प्रकाराला गाऱ्हाणे म्हणणे सोयीचे आहे. गाऱ्हाण्यात भक्त देवाला जाब विचारतो, त्याला दोष देतो, कधी त्याच्या न्यायाविषयीच शंका घेतो. पण हे सगळे तो देवालाच उद्देशून बोलतो. देवाविषयी इतरांपाशी केलेली कुरकुर वेगळी आणि देवापाशी घातलेले गाऱ्हाणे वेगळे, हा भेद बायबल फार काटेकोरपणे पाळते.

मिसर देशातून सुटून रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांच्या कथेत हा भेद ठळक दिसतो. लोक आपापल्या तंबूंत बसून कुरकुर करतात, देवाने आपल्याला मारायलाच इथे आणले असे एकमेकांना सांगतात आणि मिसरला परत नेईल असा पुढारी निवडायच्या गोष्टी करतात. त्यांना शिक्षा होते. त्याच प्रवासात मोशेही वैतागतो. एवढ्या लोकांचे ओझे मी एकट्याने का वाहावे, ही काय माझी पोरे आहेत, असेच चालायचे असेल तर मला मारूनच टाक, अशा अर्थाचे तो सरळ देवाला सुनावतो. हे गणनाच्या अकराव्या अध्यायात आहे. शब्दांची धार पाहिली तर मोशेचे बोलणे लोकांच्या बोलण्यापेक्षा कमी तिखट नाही. त्याला मात्र शिक्षा होत नाही. ओझे वाटून घ्यायला सत्तर वडील मिळतात. एलीया संदेष्टाही असाच जिवाला कंटाळून रानातल्या झुडपाखाली मरण मागतो. त्याला उपदेश केला जात नाही. भाकर आणि पाणी मिळते, झोप मिळते, उठल्यावर पुन्हा भाकर मिळते. प्रश्नोत्तरे त्यानंतर होतात.

गाऱ्हाण्याचे खरे भांडार म्हणजे स्तोत्रसंहिता. तिच्यात १५० स्तोत्रे आहेत. जर्मन अभ्यासक हर्मान गुंकेल (१८६२–१९३२) यांनी या स्तोत्रांची रचनेनुसार वर्गवारी केली, तेव्हा एकट्या माणसाच्या विलापाची स्तोत्रे हा सर्वांत मोठा गट निघाला. त्यांत ४४, ७४, ७९, ८० यांसारखी साऱ्या समाजाच्या विलापाची स्तोत्रे मिळवली, तर संहितेचा निदान तिसरा हिस्सा गाऱ्हाण्यांचा भरतो. इस्राएलच्या आणि पुढे ख्रिस्तसभेच्या या प्रार्थनापुस्तकात तक्रारीचा वाटा इतका मोठा असणे ही काही नजरचुकीची गोष्ट नव्हे.

या स्तोत्रांना एक ठरीव घडण आहे. आधी देवाला हाक, मग तक्रार, मग मागणी, मग भरवशाचे शब्द आणि शेवटी स्तुतीचे वचन. तेरावे स्तोत्र अवघ्या सहा ओव्यांचे असले तरी हे सगळे टप्पे त्यात आहेत. पहिल्या दोन ओव्यांत ‘कुठवर’ हा सवाल चार वेळा येतो. पहिले दोन सवाल देवाच्या वागण्याबद्दलचे : तो विसरला आहे, त्याने तोंड फिरवले आहे. तिसरा भक्ताच्या स्वतःच्या मनाबद्दलचा, कारण तिथे दिवसभर दुःखच घोळत असते. चौथा शत्रूबद्दलचा. पुढच्या दोन ओव्यांत मागणी आहे आणि तीही कारणासह : लक्ष दे, नाहीतर मी मरेन आणि वैऱ्याला आनंद होईल. आपले मरण ही देवाचीही नाचक्की आहे असे भक्त सुचवतो. हा जवळजवळ वकिली युक्तिवाद आहे. मग शेवटच्या दोन ओव्यांत सूर एकदम पालटतो आणि भक्त गाऊ लागतो.

मधल्या जागेत काय घडले याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. योआखिम बेग्रिख यांनी १९३४ मध्ये असे अनुमान मांडले की, मंदिरात गाऱ्हाणे ऐकून झाल्यावर याजक देवाच्या नावाने अभयवचन देत असे आणि ते ऐकल्यावर भक्ताचा सूर बदले. स्तोत्रात फक्त भक्ताचे शब्द उतरले, याजकाचे राहून गेले. हे अनुमान सिद्ध करता येत नाही. पण हन्नेच्या कथेत नेमके हेच घडते. मूल नाही म्हणून ती मंदिरात ओठांतल्या ओठांत रडत प्रार्थना करते. एली याजकाला ती प्यालेली वाटते. ती त्याला खरे सांगते, तो तिला शांतीने जायला सांगतो. ती जाते, जेवते आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहत नाही. तिचा मुलगा शमुवेल याचा जन्म अजून दूर आहे. परिस्थिती तसूभर बदललेली नाही. फक्त कोणीतरी तिचे ऐकून घेतले आहे. दुसरी शक्यता याहून साधी आहे. सूर पालटायला महिने, कदाचित वर्षे लागली असतील आणि स्तोत्रात तो काळ दोन ओळींमधल्या फटीत मिटला असेल. प्रार्थना करणाऱ्याने ती फट एका बैठकीत ओलांडलीच पाहिजे असा आग्रह स्तोत्र धरत नाही.

अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तर ती कधीच ओलांडली जात नाही. एज्राही हेमानाच्या नावावर असलेल्या या स्तोत्रात तीनदा हाक आहे : रात्रंदिवस, रोज, भल्या सकाळी. तीनही वेळा उत्तर नाही. भक्त देवाला उलट विचारतो की, मेलेले काय तुझी स्तुती करायला उठणार आहेत? आपल्याला खाचेत लोटणारा आणि सोबती दूर करणारा देवच आहे, हे तो आडपडदा न ठेवता बोलतो. भरवशाची ओवी नाही, स्तुतीचे वचन नाही. स्तोत्र काळोखाच्या उल्लेखावर थांबते. भरवसा म्हणावा असे जे काही आहे ते पहिल्या ओवीत, देवाला तारणारा म्हणून मारलेल्या हाकेत. संहिता जुळवणाऱ्यांना हे स्तोत्र गाळता आले असते किंवा शेवटी एखादी सांत्वनाची ओवी जोडता आली असती. त्यांनी दोन्ही केले नाही. कॅथलिक परंपरेत दर शुक्रवारी झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत हेच स्तोत्र म्हटले जाते. म्हणजे त्या दिवशी सुखात असलेल्या माणसालाही ते म्हणावे लागते, आणि कुठल्या तरी दुसऱ्याच्या काळोखाला आपला आवाज द्यावा लागतो.

सूडाची स्तोत्रे हा या विषयातला अवघड कोपरा. १३७वे स्तोत्र बाबेलच्या बालकांपर्यंत पोचते, १०९वे शत्रूच्या मुलाबाळांना शाप देते. कॅथलिक धर्मसभेने १९७० च्या सुमारास दैनिक प्रार्थनेची नवी मांडणी केली तेव्हा ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे आणि इतर काहींतल्या निवडक ओव्या वगळल्या. हा निर्णय समजण्यासारखा आहे, पण त्यात तोटाही आहे. ही स्तोत्रे म्हणणारा माणूस तलवार उचलत नाही. आपला सूड तो देवाच्या हवाली करतो. ज्याच्या घरावर खरोखर नांगर फिरला आहे त्याच्या तोंडची भाषा सभ्य नसते, आणि ती बोलायला देवापुढची जागा रस्त्यापेक्षा बरी.

ईयोबाच्या पुस्तकात गाऱ्हाण्याचा खटलाच उभा राहतो. सात मुलगे, तीन मुली आणि गुरेढोरे गेल्यावर पहिल्या अध्यायातला ईयोब देवाने दिले ते देवाने नेले अशा अर्थाचे बोलतो. ख्रिस्ती घरांत मर्तिकाच्या वेळी हेच बोल हमखास ऐकू येतात. तिसऱ्या अध्यायात तोच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, तो अध्याय मात्र सहसा कोणी उघडत नाही. एलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र सांत्वनाला येतात आणि सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. त्यांच्या हातून झालेले सर्वांत शहाणपणाचे काम हेच. तोंड उघडल्यावर ते जे बोलतात ते सुटे सुटे पाहिले तर धर्मशास्त्रात बसणारे आहे. देव न्यायी आहे, दुष्टाला शासन होते, पश्चात्ताप करणाऱ्याला तो उचलतो. पण तिघेही देवाविषयी बोलतात, देवाशी एकदाही बोलत नाहीत. ईयोब मात्र बोलता बोलता पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे पाठ फिरवून देवाला ‘तू’ म्हणतो. अडतिसाव्या अध्यायापासून देव वावटळीतून उत्तर देतो. ते उत्तर ईयोबाच्या प्रश्नाचे नाही. मुलांच्या मृत्यूचे कारण पुस्तकात ईयोबाला शेवटपर्यंत कळत नाही. मात्र शेवटच्या अध्यायात निवाडा स्वच्छ आहे. देवाचा कोप मित्रांवर होतो, कारण त्याच्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब, ते नव्हेत. आणि ईयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी असे त्यांना सांगण्यात येते. देवाची बाजू सावरणाऱ्यांना देवाशी भांडणाऱ्याची मध्यस्थी लागते. दुःखिताच्या घरी बोलायला जाणाऱ्या प्रत्येकाने हा निवाडा ध्यानात ठेवावा.

एकट्याच्या दुःखाइतकीच जागा समूहाच्या दुःखालाही आहे. इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम आणि तेथले मंदिर उद्ध्वस्त केले. त्यावरचे विलापगीत हे पाच अध्यायांचे पुस्तक. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायाला बावीस-बावीस ओव्या असून त्या हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांच्या क्रमाने सुरू होतात. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन याप्रमाणे सहासष्ट. पाचव्यात संख्या बावीसच, पण अक्षरक्रम मोडलेला. उपासमार, प्रेते, वेडीपिशी झालेली आई असे वर्णन करणाऱ्या कवीने एवढी कडक चौकट का घेतली असेल? बांध नसलेल्या पाण्यासारखे दुःख सगळीकडे पसरते, म्हणून त्याला पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत नेऊन सोडण्याची ही तजवीज असावी. पुस्तकाचा शेवटही उघडाच आहे. देवाने आपल्याला कायमचे टाकले की काय, ही शंका तिथे मिटत नाही. यहुदी सभास्थानांत हे पुस्तक वाचताना शेवटच्या ओवीनंतर तिच्या आधीची आशेची ओवी पुन्हा म्हणतात. लॅटिन परंपरेत पवित्र आठवड्यात विलापगीताचे गायन होत असे. पोर्तुगीज वळणाची ही प्रथा गोव्यातही रुजली. गुड फ्रायडेला ख्रिस्ताचा चेहरा उमटलेले वस्त्र उलगडत वेरोनिका गाते ते लॅटिन शब्द विलापगीताच्या पहिल्या अध्यायातले आहेत.

नव्या करारात गाऱ्हाणे संपले, तिथे फक्त आनंदाची वार्ता आहे, असा एक समज आहे. तो शुभवर्तमानांच्या पानांवर टिकत नाही. बेथानीत लाजार मेल्यावर मार्था आणि मरीया दोघीही येशूला एकच टोमणा वेगवेगळ्या वेळी ऐकवतात : तू वेळेवर आला असतास तर भाऊ वाचला असता. येशू त्यांना गप्प करत नाही. तो रडतो, आणि तेही लाजाराला उठवण्याच्या थोडे आधी. गेथशेमाने बागेत तो स्वतः हा प्रसंग टळावा म्हणून तीनदा प्रार्थना करतो. वधस्तंभावर, मार्क आणि मत्तय यांच्या वृत्तांताप्रमाणे, तो बाविसाव्या स्तोत्राच्या पहिल्या ओवीने देवाला हाक मारतो. देवाने आपल्याला का सोडले, हा त्या ओवीचा प्रश्न. ते स्तोत्र पुढे स्तुतीत संपते, तेव्हा येशूच्या मनात शेवटची स्तुतीच असणार, असे म्हणून काही भाष्यकार या हाकेतले शल्य काढून टाकतात. पण मार्कने शेवटच्या ओव्या लिहिलेल्या नाहीत, पहिलीच लिहिली आहे. ख्रिस्ती गाऱ्हाण्याचे वैशिष्ट्य इथे आहे. ज्याच्यापुढे गाऱ्हाणे घालायचे त्यानेच ते स्वतः घातले, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. इब्री लोकांस पत्रातही येशूने मोठ्या आक्रोशाने आणि अश्रूंनी प्रार्थना केल्याचे नमूद आहे. पौलाने अंगातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि त्याला नकार मिळाला. तो नकार त्याने लपवला नाही.

संशयाची बाब शोकाहून थोडी निराळी. याकोबाचे पत्र संशय धरून मागणाऱ्याला समुद्राच्या लाटेची उपमा देते आणि त्याला काही मिळणार नाही असे बजावते. यहूदाचे पत्र मात्र संशयात असलेल्यांवर दया करा म्हणते. हा विरोध प्रसंग पाहिला की बराच सैल होतो. याकोबापुढे आहे तो दोन्ही डगरींवर पाय ठेवणारा, देवही हवा आणि जगही हवे असा माणूस. मार्कच्या नवव्या अध्यायातला आजारी मुलाचा बाप तसा नाही. आपला विश्वास आणि अविश्वास दोन्ही तो एकाच वाक्यात येशूपुढे ठेवतो आणि अविश्वासासाठीच मदत मागतो. मुलगा बरा होतो. येशू पुन्हा उठल्याची इतर शिष्यांची साक्ष थोमाला पुरत नाही. तरी आठ दिवसांनी तो त्यांच्यातच बसलेला असतो. त्यांनी त्याला बाहेर काढलेले नसते आणि तोही निघून गेलेला नसतो. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात, पुनरुत्थित ख्रिस्ताला नमन करणाऱ्या शिष्यांतही काहींना संशय वाटल्याचे लिहिले आहे, आणि जगभर जाण्याची आज्ञा त्या सगळ्यांनाच मिळते.

मग ही प्रार्थना मागे का पडली? एक कारण ग्रीक-रोमन जगाचे. शहाण्याने शोकावर काबू ठेवावा ही स्टोइक शिकवण सुशिक्षित ख्रिस्ती लोकांतही मुरली होती. ऑगस्टिन यांनी आपल्या ‘कबुलीजबाबा’च्या नवव्या भागात आई मोनिका हिच्या ३८७ मधल्या मृत्यूचे वर्णन केले आहे. ओस्तिया इथे तिने प्राण सोडला तेव्हा ऑगस्टिन यांचा मुलगा हंबरडा फोडतो आणि सगळे त्याला गप्प करतात. ऑगस्टिन स्वतः डोळे कोरडे ठेवतात, लोकांशी बोलतात, दुःख हलके होईल म्हणून स्नानाला जातात. काही उपयोग होत नाही. झोपून उठल्यावर अंथरुणातच त्यांना रडू फुटते. पुढे देवापुढे त्याची कबुली देताना ते वाचकाला विनवतात की, आईसाठी थोडा वेळ रडलो हे कोणाला पाप वाटले तर त्याने हसू नये. एवढ्या मोठ्या माणसाला आईसाठी रडल्याची सफाई द्यावीशी वाटली, यावरून हवा कळते.

दुसरे कारण अधिक खोल आहे : शोकाचे रूपांतर अपराधाच्या भावनेत झाले. सहाव्या शतकातील कासिओदोरस यांच्यापासून सात स्तोत्रे पश्चात्तापाची म्हणून ओळखली जातात : ६, ३२, ३८, ५१, १०२, १३० आणि १४३. त्यांतली ३२ आणि ५१ उघडच पापकबुलीची आहेत. पण सहाव्यात आणि एकशेदोनाव्यात भक्त आपल्या एकाही पापाचा उल्लेख करत नाही. तो आजारी आहे, खंगलेला आहे, उशी भिजवतो आहे. शतकानुशतके ही स्तोत्रे पापी माणसाच्या तोंडी घातली गेली, आणि आजाऱ्याने विव्हळायचे तेही क्षमा मागत, असा शिरस्ता पडला. क्लाउस वेस्टरमान यांनी विसाव्या शतकात या बदलाकडे लक्ष वेधले. वॉल्टर ब्रूगमान यांनी १९८६ मधल्या एका निबंधात पुढचे पाऊल टाकले. गाऱ्हाणे बंद झाले की देवापुढे फक्त होयबा किंवा फक्त अपराधी उरतो, आणि देवापुढे न्यायाचा प्रश्न विचारायची सवय गेली की राजापुढेही ती राहत नाही, असे त्यांचे म्हणणे. हा दुसरा भाग विशेष पटण्यासारखा आहे.

अलीकडच्या काळात दोन पुस्तकांनी ही वाट पुन्हा मोकळी केली. सी. एस. लुईस यांनी १९४० मध्ये दुःखाच्या प्रश्नावर युक्तिवादाने भरलेले पुस्तक लिहिले होते. १९६० मध्ये पत्नी जॉय हिच्या मृत्यूनंतर त्यांनी वह्यांत जे खरडले ते १९६१ मध्ये टोपणनावाने छापले. देव नाही असे वाटण्याची भीती त्यांना नव्हती; तो आहे आणि असा आहे, या निष्कर्षाची होती. तत्त्वज्ञ निकोलस वॉल्टरस्टॉर्फ यांचा पंचवीस वर्षांचा मुलगा १९८३ मध्ये गिर्यारोहण करताना गेला. १९८७ मधल्या त्यांच्या छोट्या पुस्तकात सांत्वनाची घाई नाही. मदर तेरेसा यांची २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रे वाचून अनेकांना धक्का बसला, कारण त्यांत अनेक वर्षांचा आंतरिक काळोख होता. स्तोत्रसंहिता नीट वाचणाऱ्याला तो बसायला नको होता.

मराठी ख्रिस्ती माणसाला तर देवाशी भांडणे परके नाही. १६३० च्या दुष्काळात पत्नी आणि मुलगा गमावलेले तुकोबा विठ्ठलाशी उघड भांडतात, आणि त्यासाठी वारकऱ्यांनी त्यांना कधी नास्तिक ठरवले नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. असे असूनही मराठी मंडळ्यांच्या उपासनेत स्तुती आणि विनवणी जितकी आली तितके भांडण आले नाही. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गमावली. बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्यांनी इंग्लंडमधल्या आपल्या धर्ममातेला पत्रांतून अडचणीचे प्रश्न विचारणे सोडले नाही, आणि केडगावला हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर आयुष्याच्या अखेरपर्यंत चालवले.

व्यवहारात करायचे ते अवघड नाही. आप्त गेल्याच्या पहिल्या दिवसांत माणसाला स्वतःचे शब्द सुचत नाहीत. तेव्हा एखादे विलापस्तोत्र मोठ्याने वाचणे हीच पुरेशी प्रार्थना असते. स्तुतीच्या ओव्या घशाखाली उतरत नसतील तर तिथे थांबावे. उरलेल्या इतरांनी म्हणाव्यात. थेस्सलनीकाकरांस पत्रात आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका असे आहे, शोकच करू नका असे नाही, हे पाळकांनी आणि धर्मगुरूंनी मर्तिकाच्या उपदेशात स्पष्ट सांगावे. आणि अंत्यविधीच्या उपासनेत तेविसाव्या स्तोत्राच्या जोडीला अठ्ठ्याऐंशीवेही वाचावे, शेवटच्या ओवीपर्यंत, त्यावर लगेच भाष्य न करता.